कलम नऊ आणि दुधीचा मंडप

हळद कुणाची, एवढं सोडून बाकी सगळं ठरलं होतं.

शनिवारी सकाळी सात वाजता कमलेशचा टेम्पो वांगणीच्या टेपावर, त्या कातळी टेकाडावर चढला, तेव्हा त्यात चाळीस बांबू, पिवळ्या कापडाचे सहा गठ्ठे, लाल कारपेटच्या आठ गुंडाळ्या, घडीची टेबलं, दोन डझन खुर्च्या आणि त्या खुर्च्यांवर आडवा झोपलेला त्याचा मुलगा भूपेश एवढा ऐवज होता. उल्हासनगरच्या दुकानावर 'कमलेश मंडप डेकोरेटर्स' अशी पाटी होती आणि पंचवीस वर्षांत या माणसानं कापडाखाली काय काय झाकलं नव्हतं! उघडी गटारं झाकली, अर्धवट बांधलेले संडास झाकले, एका नगरसेवकाच्या पोरीच्या लग्नात तर अख्खा म्हशींचा गोठा झाकून त्यावर 'सुस्वागतम' लावलं. पण ऐन भरात आलेली भाजीची वाडी झाकायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"पप्पा, ये गलत है," भूपेश डोळे चोळत म्हणाला. "आत्याला कळलं तर सोलून काढेल."

"आत्या बदलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं आहे. तुझी बहीण जिज्ञासा घेऊन गेलीय. डोळ्यात थेंब टाकले की चार तास नीट दिसत नाय. मी आधीच विचारून घेतलंय."

"चार तासांत होईल?"

"साहेब बघून जाईल, आपण मंडप काढू. ताय यायच्या आत वाडी जशीच्या तशी. उचल बांबू."

जागा तिघा भावंडांची. थोरला मधु, मधली वेणू, धाकटा कमलेश. दोन एकरांत वर कातळ, खाली कातळ, आणि मधल्या खोलगट पट्ट्यात वीस गुंठे लाल माती. वेणूचा नवरा गेला तेव्हा ती अंबरनाथला बुवापाड्यात भावांकडे परतली. महिनाभर तिनं सगळ्यांची हळहळ ऐकून घेतली आणि मग कुदळ उचलून या टेपावर आली. त्याला आता बावीस वर्षं झाली. कातळाच्या कडेला तिनं बोअर मारून घेतली, तारा ताणून दुधीचे वेल चढवले, मेथीचे वाफे काढले, वांगी लावली, वाल लावला. दर रविवारी दोन्ही भावांच्या घरी ताजी भाजी जायची आणि दोन्ही घरं त्या वाडीला 'वेणूचा टाइमपास' म्हणायची.

आता त्या टेपावर सौर पॅनेल येणार होते. योजना सरकारची होती आणि चांगली होती. शेतीच्या पंपांना दिवसाउजेडी वीज मिळावी म्हणून ओसाड जमिनी तीस वर्षांच्या भाड्यानं घ्यायच्या आणि त्यावर पॅनेल लावायचे. कंपनीला अख्खा टेप सलग हवा होता. कमलेशनं बहिणीला सांगितलं, "ताय, फक्त कातळावर येणार, तुझ्या वाडीला हात नाय." तिनं सही केली. कागदावर मात्र पूर्ण दोन एकर होते.

हेही खपून गेलं असतं. सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात बावीस वर्षं 'पड' असंच लिहिलेलं होतं, कारण तलाठ्याला वेगळं काही सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कागदावर टेप ओसाड होता, हिरवा होता तो फक्त टेपावर. पण कुण्या संस्थेनं हायकोर्टात याचिका टाकली की सरकार हिरव्या जमिनी ओसाड म्हणून दाखवतंय. झालं! ऊर्जा विभागाचा विधी अधिकारी आता प्रतिज्ञापत्र करण्याआधी एकेक जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघत फिरत होता आणि आज दहा वाजता तो इथं येणार होता.

साडेनऊपर्यंत काम फत्ते झालं. वेलांच्या तारांखालून पिवळं छत ताणलं. वांग्यांच्या ओळींवर टेबलं उभी करून झालरी सोडल्या. वालाच्या पुढं पडदा लावला. मेथीवर कारपेट टाकताना कमलेशनं क्षणभर दुसरीकडे पाहिलं. भूपेश एक दुधी तोडायला गेला, तर त्याच्या हातावर चापट बसली.

"तोडू नको! ताय मोजून गेलीय."

त्यामुळं छताला चौदा ठिकाणी पोट आलं होतं.

*

नूतन सरकारी गाडीत बसून होती, कारण तिनं तसं लेखी दिलं होतं.

मधुची ही मुलगी ऊर्जा विभागाच्या विधी शाखेत सहायक अधिकारी होती आणि सौर धोरणाचा मसुदा तिच्या टेबलावरून गेला होता. कलम नऊ मुळात असं होतं, 'लागवडीखालील जमीन शक्यतो घेऊ नये.' नूतननं 'शक्यतो'वर काट मारली, 'घेऊ नये'च्या जागी 'घेता येणार नाही' लिहिलं आणि चहा प्यायला गेली. आजवरच्या नोकरीत तिच्या हातून घडलेलं सगळ्यात मोठं काम हेच. ते करताना डोळ्यांसमोर आत्याची वाडी नव्हती, असं मात्र ती शपथेवर सांगू शकली नसती.

मग यादीत वांगणीचा टेप आला. तिनं त्याच दिवशी लिहून दिलं की ही माझ्या घरची जमीन आहे, हे प्रकरण माझ्याकडे नको. प्रकरण तिचे वरिष्ठ दौलतराव यांच्याकडे गेलं. दौलतराव साताऱ्याकडचे, निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. फार वर्षांपूर्वी टेबलावर बसून सही केलेल्या एका प्रतिज्ञापत्रावर न्यायाधीशांनी त्यांना भर कोर्टात विचारलं होतं, "हे तुम्ही पाहिलंय का?" दौलतरावांनी ते पाहिलं नव्हतं. तेव्हापासून ते पाहायला जात. आजही नकाशातला रस्ता एका विहिरीतून जात होता, म्हणून त्यांनी वाट दाखवायला नूतनला सोबत घेतलं होतं, तेही बजावून.

"गाडीतून उतरायचं नाही. टेपाकडे बघितलं तर हरकत नाही, पण पाहणी करायची नाही."

टेपाच्या पायथ्याशी गाडी थांबली. दौलतरावांनी बूट झटकले, फाइल काखेत मारली आणि चढायला लागले. नूतननं वर पाहिलं. आत्याच्या वाडीच्या जागी भलामोठा पिवळा मंडप होता. तेवढ्यात फोन वाजला.

"नूतन, काका बोलतोय. इथं हळद आहे आज. साहेबांना सांग की हळदीत पाहणी बरी दिसत नाय, लांबूनच बघा आणि निघा."

"काका, मला त्यांच्याशी या जमिनीबद्दल काहीच बोलता येत नाही."

"बरोबर! मग गप्प तरी बस."

"मी लेखी गप्प आहे. हळद कुणाची?"



"नंतर सांगतो," म्हणून कमलेशनं फोन ठेवला.

नूतनला रडू आलं, मग राग आला, मग ती वकिलासारखी विचार करू लागली. तिनं आपलं पत्र मोबाइलवर उघडलं. 'सदर जमिनीबाबत मी कोणत्याही अधिकाऱ्याशी चर्चा करणार नाही वा कोणत्याही कागदावर सही करणार नाही.' दोनदा वाचलं. आत्या काही अधिकारी नव्हती. आणि हळद ही कौटुंबिक बाब होती.

"आत्या, कुठं आहेस?"

"दवाखान्यात. डोल्यांत थेंब टाकलान, समदा धुकाट दिसते. तुजा काय?"

"तुझ्या वाडीवर मंडप पडलाय. काका म्हणतो हळद आहे. तुला काही बोलला होता का?"

"हलद? कोनाची हलद?"

"मीपण तेच विचारलं. सांगत नाहीत."

पलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज झाला, बहुतेक डॉक्टरांचं स्टूल.

"जिज्ञासा!" वेणूचा आवाज फोन दूर नेऊनही स्पष्ट येत होता. "रिक्शा थांबव. तुज्या बापानं हलद काढलीन, आनी आत्याला सांगतला नाय!"

*

मधुचा स्वभाव असा, की शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं. त्यामुळं आयुष्यभर अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीत युनियन आणि मॅनेजमेंट दोघांचाही तो लाडका होता. आज सकाळी शेवटचा कमलेश बोलला होता, म्हणून तो मंडपाच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता.

एक गोष्ट कमलेशच्या हिशेबातून सुटली होती. लोकांच्या दारात मंडप घालत आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातून ती सुटावी, याला काय म्हणावं? इकडं मंडप उभा राहिला की पत्रिकेची वाट कुणी बघत नाही. टेपावरचा पिवळा मंडप खालच्या पाड्यांतून सकाळपासून दिसत होता. पहिला आला कोंडाजी, टेपावरच्या शेजारच्या जमिनीचा मालक, त्याचीही जमीन पॅनेललाच जाणार होती. तो धुतलेल्या टोपीत आला.

"मंडप दिसला, म्हटलं आपल्याच घरातलं कार्य. आलो."

त्याच्यामागून बायका आल्या. कुणी नारळ आणला, कुणी तांदूळ. आणि मग दोघी साथीदारणींना घेऊन जनी धवलारीण आली. हळदीला आणि लग्नाला धवले गाणारी ही म्हातारी, सत्तरी उलटलेली, पण आवाज अजून टेपाच्या पलीकडं जाणारा. तिनं हळकुंडं स्वतःच आणली होती. एका बाईला ती वाटायला बसवली आणि कमलेशपुढं येऊन उभी राहिली.

"नवऱ्याचा नाव सांग."

"मावशी, जरा दम धर. चहा घे."

"चा नंतर. नाव नाय तर धवला कसा गाव?"

नेमके त्याच वेळी दौलतराव धापा टाकत मंडपात शिरले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "नमस्कार. अरे वा, कार्य आहे. हळद कुणाची?"

कमलेशनं हात लांब करून जो सापडला त्याला पुढं ओढलं. तो भूपेश होता.

"याची, भूपेशची!"

"मेरी?" भूपेश म्हणाला.

पुढचं कुणाच्याच हातात राहिलं नाही. जनीनं नाव ऐकलं आणि सूर लावला. चार बायकांनी भूपेशला पाटावर दाबून बसवलं, बनियनवर आणलं आणि हळद चोळायला घेतली. कोंडाजीनं त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "नवरी कुठची रं?"

"नेरळची," कमलेश म्हणाला.

"बदलापूरची," भूपेश त्याच क्षणी म्हणाला.

कमलेशनं वळून पोराकडं पाहिलं. त्याचं उत्तर खोट्याच्या मानानं फारच पटकन आलं होतं. पण आता त्यात शिरायला वेळ नव्हता, कारण दौलतराव छताकडं बघत होते.

"हे काय आहे वर?"

"थीम आहे साहेब," कमलेश म्हणाला. "आजकाल थीम मंडपच चालतो. कापडाला असे फुगे सोडायचे. दुबई स्टाइल."

दौलतरावांनी हात वर करून एक फुगा दाबून पाहिला. तो चांगलाच टणक लागला. ते खुर्चीत बसले, फाइल उघडली आणि दीर्घ श्वास घेतला.

"मेथीचा वास सुटलाय झकास. ठेपले का?"

कारपेटवर आता साठेक माणसं वावरत होती आणि खाली वाफ्यांचा लगदा होत होता. मंडपभर मेथीचा असा घमघमाट होता की मधुनं नाकाला रुमाल लावला.

"होय, ठेपलेच," कमलेश म्हणाला. "मागं चाललेत. वेळ लागेल. तुम्ही कशाला थांबता साहेब? सातबारा बघितलाच असेल. पड जमीन. चारी बाजूनं कातळ, तुमच्या डोळ्यांनी बघितलात चढताना. मारा सही आणि मोकळे व्हा."

"सातबारा पाहिला. आता जमीन पाहतो." दौलतराव शांतपणे म्हणाले. "कलम नऊ आहे ना. बाकीची कलमं वाकवता येतात हो, हे एक वाकत नाही." मग ते मधुकडं वळले आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, तुम्ही नूतनचे वडील! तुम्हाला ठाऊक नसेल, पण कलम नऊ तुमच्या मुलीनं लिहिलंय. आमच्या शाखेत सगळ्यांनी सांगितलं तिला, 'शक्यतो' राहू दे, पळवाट असलेली बरी. ऐकलं नाही पोरीनं. उद्या मी नसेन, पण ते कलम राहील."

मधु खुर्चीत ताठ बसला. सरकारच्या कायद्यात आपल्या पोरीचं वाक्य! आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपण तिच्याच वाक्यावर कारपेट टाकून वर खुर्ची मांडून बसलोय. कमलेश त्याला डोळ्यांनी खात होता.

"दादा," कमलेश दातांतल्या दातांत म्हणाला, "तुझ्या पोरीनं आपल्या पायावर धोंडा टाकला. घरात वकील करून हे फळ?"

"ती सरकारची वकील आहे, तुझी नाय," मधु म्हणाला आणि स्वतःच दचकला. शेवटी बोललेल्या माणसाचं त्याला पहिल्यांदाच पटलं नव्हतं.

*

रिक्षा टेपाच्या पायथ्यापर्यंतच आली. तिथून वेणू जिज्ञासाचा हात झिडकारून चालत निघाली. डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा, पदर खोचलेला. गाडीशेजारून जाताना तिला नूतनची हाक ऐकू आली, पण ती थांबली नाही. मंडपातल्या बायकांनी तिला पाहून वाट करून दिली. नवऱ्या मुलाची आत्या म्हणजे पहिला मान.

"कमलेश!" ती दारातूनच गरजली. "आत्याबिगर हलद? पयली हलद कोनी लावली माज्या पोराला? मी काय मेलेली हाव?"

कमलेशची कोंडी झाली. तिला खरं सांगावं तर साहेब समोर. साहेबांना थोपवावं तर ताय समोर.

"ताय, तुलाच बोलावणार होतो. अचानक ठरलं."

"हलद अचानक ठरते? जुलाब हाय का?"

बायका हसल्या. जनीनंही गाणं थांबवलं, कारण हे जास्त रंगतदार होतं. वेणू भूपेशच्या आवाजाच्या रोखानं पाटाकडं निघाली. चार पावलं गेली आणि थांबली. उजवा पाय उचलला, पुन्हा टेकवला. मग तिनं चपला काढल्या आणि अनवाणी पायानं कारपेट चाचपलं.

"या खाली माजी मेथी हाय."

तिनं हात वर केला. छताचा एक फुगा चाचपला, मग दुसरा, मग तिसऱ्याशी हात थबकला. कापडावरून तिनं त्याचा देठ शोधला.

"आनी यो बियाचा दुधी हाय. याला दोरा बांधलेला. कापड कोनी लावला याला?"

दौलतराव उठून उभे राहिले. "बाई, ही वाडी तुमची?"

"कोन बोलते?"

"मी सरकारचा विधी अधिकारी. इथं पॅनेल लावायच्या आधी जागा बघायला आलोय."

"पॅनल कातलावर येनार. माज्या भावानं सांगतलान."

दौलतरावांनी फाइल चाळली. त्यांनी आवाज शक्य तितका खाली आणला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "कागदावर पूर्ण दोन एकर आहे. तुमची सही आहे खाली."

वेणूनं काळा चष्मा काढला. समोर सगळं पिवळंधमक धुकं होतं आणि त्यात कुठंतरी कमलेश उभा होता. तिला तो दिसत नव्हता हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं मान खाली घातली. तो लबाड होता, पण दुष्ट नव्हता. लहानपणी याच बहिणीच्या कडेवर बसून तो हा टेप चढला होता. आत्ता त्याला आपली लाज वाटली, आणि ती भर मंडपात, आपणच घातलेल्या मंडपात वाटली.

"तू बोललास कातलावर," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"ताय, कंपनीला सलग पाहिजे. तुला दर रविवारी भाजी मी आणून..."

"तू मना भाजी आनशील?"

"वेणू," मधु खुर्चीतून उठला. "त्याला एकट्याला बोलू नको. सही मीपण केली. दोन एकर वाचून केली."

हे ऐकून वेणूचा चेहरा जो पडला तो मधुला पुढं कित्येक दिवस दिसत राहणार होता. धाकट्याकडून तिनं हे गृहीत धरलंच असतं, थोरल्याकडून नव्हतं धरलं. बायकांपैकी एकीनं तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"बावीस वरसं," ती म्हणाली. "खातांना कोनी बोलला नाय का यो पड जमिनीचा दुधी हाय."

आत्याच्या मागोमाग हाका मारत आलेली नूतन बाहेरच्या बांबूशी उभी होती. कारपेटच्या कडेला तिच्या चपलांची टोकं बरोबर भिडली होती, पण आत नव्हती.

"आत ये," वेणू तिच्या दिशेनं म्हणाली.

"नाही येता येत आत्या. लेखी दिलंय."

दौलतरावांनी घसा साफ केला. "हे बघा. सह्या तिघांच्या आहेत, त्या खऱ्या आहेत. पण ही जमीन ओसाड आहे असं मी लिहू शकत नाही. कोर्टात मी उभा राहणार. मला विचारतील, पाहिलंस का? आता मी पाहिलंय. जरा जास्तच पाहिलंय."

"म्हणजे अख्खा टेप गेला," कमलेश मटकन पाटाशेजारी बसला. "आमचाही आणि कोंडाजीचाही."

"माझा?" हळदीचे हात पुसत कोंडाजी पुढं आला. "माझी निव्वळ दगडं आहेत. माझं का जावं?" आतापर्यंत पाहुणा असलेला माणूस एका वाक्यात पक्षकार झाला. "कमळ्या, तुझ्या नाटकापायी माझं भाडं बुडालं तर मंडपासकट पुरीन तुला इथं!"

"थांबा रं," वेणू म्हणाली. "पॅनल कोनाला नको? रातचे दोन वाजता लाइट येते. मोटर लावाला उठते कोन? मी. इंचू चावला तवा कोन होता? कोन नाय. मना दिवसा लाइट पायजे. कातलावर लावा की! कातल काय खाते?" ती दौलतरावांच्या आवाजाकडं वळली. "साहेब, कातल घ्या. वाडी सोडा. असा लिवता येते का?"

तीस वर्षांत दौलतरावांनी हरकती ऐकल्या होत्या, रडारड ऐकली होती, शिव्याही खाल्ल्या होत्या. पण ज्या योजनेनं जमीन जाणार, तीच योजना नीट करून मागणारं कुणी भेटलं नव्हतं.

"लिहिता येतं," ते म्हणाले. "परिशिष्टातून वीस गुंठे वगळून. कंपनीला परवडतंय का ते कंपनी ठरवेल. मी खरं काय ते लिहीन." त्यांनी बाहेर उभ्या नूतनकडं पाहिलं, पण विचारलं काहीच नाही. तिनं फक्त नाक ओढलं.

पंचनाम्याला नात्याबाहेरचे दोन पंच लागतात. साठ माणसांतून ते मिळायला अडचण नव्हती. एक कोंडाजी झाला, दुसरी जनी. जनी म्हणाली, धवल्याचा शब्द चुकला तरी चालेल पण सही चुकणार नाय, आणि तिनं पेन आधीच हातात घेऊन ठेवलं. पिवळाजर्द भूपेश पाटावरून उठायला गेला, तर बायकांनी त्याला परत बसवलं. अंगाला हळद लागली आहे, आता लग्नाशिवाय सुटका नाही, असं त्याला बजावण्यात आलं. तो फारसा कुरकुरला नाही.

दौलतरावांनी कागद मांडीवर घेतला. "कसणाऱ्याचं नाव?"

"वेणू."

"पूर्ण सांगा."

बावीस वर्षांत या जमिनीवर तिला तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं. "वेणू बारकू," ती म्हणाली. बापाचं नाव लावलं. मधुनं मान डोलावली.

"पिकं?"

आणि इथं कमलेश उठला. टेप अख्खा गेला नाही, निदान कातळ तरी राहतोय, हे त्याच्या डोक्यात शिरलं होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बहिणीपुढं मान वर करायला त्याला काहीतरी करायचं होतं. आणि करायचं म्हटलं की त्याला एकच करता यायचं.

"लिहा साहेब, दुधी लिहा! असा दुधी अख्ख्या तालुक्यात नाय. वांगी लिहा, ती टेबलाखाली आहेत, दाखवतो. वाल लिहा. मेथी लिहा. मिरची लिहा, काय मिरची असते तायची! डोळ्यातून पाणी काढते. बारमाही लिहा!"

दौलतरावांचं पेन भराभर चाललं होतं. टेबलं सरकली, झालरी उचलल्या, वांगी मोजली गेली. लिहून झाल्यावर त्यांनी कागद वेणूपुढं धरला.

"वाचून सही करा."

"मना दिसत नाय. तुमी वाचा."

ते वाचू लागले. बाहेर नूतननं डोळे मिटले होते. "वांगणी येथील टेपावरील वीस गुंठे क्षेत्र प्रत्यक्ष लागवडीखाली असून, गेली बावीस वर्षे ते वेणू बारकू या स्वतः कसत आहेत. पिके दुधी, वांगी, वाल, मेथी, मिरची."

"परत वाचा."

दौलतरावांनी परत वाचलं, या वेळी सावकाश. वेणूचे ओठ त्यांच्यासोबत हलत होते. स्वतःच्या नावाशी ते थोडे जास्त वेळ थांबले. शेवटाला येताच तिनं मान हलवली.

"मिरची काटा."

"काय?"

"मिरची यंदा लावली नाय. गेल्या वरसाला रोग आयला तवा उपटून टाकली." ती कमलेशच्या दिशेनं वळली, या वेळी बरोबर त्याच्या तोंडासमोर. "कागदावर खोटा कशाला लिवाचा?"

दौलतरावांनी मिरचीवर रेघ मारली, शेजारी छोटी सही केली आणि पेन तिच्या हातात दिलं.